कौसल्याबाईंच्या वाफ्यातली वीतभर माती

आजच्या सभेचे सन्माननीय अध्यक्ष चिंतामणी मास्तर, आजच्या उत्सवमूर्ती श्रीमती कौसल्याबाई घाडी, त्यांना न्यायला अंबरनाथहून आलेले त्यांचे चिरंजीव शिवा व सूनबाई, वरळी कोळीवाड्यातून आपली मासळीची पाटी कोणाच्या तरी हवाली करून खास आलेल्या जाईबाई, भोईवाड्यातील या माणिकशेटच्या चाळीतील समस्त बंधू आणि भगिनींनो, तसेच वरच्या गॅलरीत दाटीने उभ्या राहिलेल्या मंडळींनो — आपण कठड्यावर रेलू नये, तो जुना आहे — आपणा सर्वांस माझा सविनय नमस्कार.

मी विठोबा परब, या चाळीच्या रहिवासी मंडळाचा अध्यक्ष. गिरणीच्या साचाखात्यात जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, म्हणून उभा जन्म काढला. शिक्षण मराठी चौथी, परंतु पहिल्या क्रमांकाने. तेव्हा माझ्या भाषणात काही उणे राहिल्यास तो दोष माझा समजावा, माझ्या गुरुजींचा समजू नये.

मंडळी, हा समारंभ प्रत्यक्षात होत आहे यावर अद्याप माझा विश्वास बसलेला नाही. आपण हसता, परंतु आपणांस ठाऊक आहे मी असे का म्हणतो. याच जागी, दिवाळीच्या आधी, याच कौसल्याबाईंना निरोप देण्यासाठी आपण जमलो होतो. हार आले होते. मास्तरांनी प्रास्ताविक सुरू केले होते. आणि उत्सवमूर्ती काय करत्या झाल्या? खुर्चीवरून उठल्या, पदर खोचला, माझ्या उजव्या हाताला दिसतो आहे त्या वाफ्याशी गेल्या, मूठभर माती उचलून दाबली, आणि तेथूनच माझ्यावर ओरडल्या, "भावोजी, आवरा तुमचं! मी आज जात नाही!"

त्या का गेल्या नाहीत आणि आज का जात आहेत, एवढेच मला सांगायचे आहे. शाल आणि श्रीफळ नंतर होईल. मला आज फार आनंद झाला आहे, आणि आनंद झाला म्हणजे मी विस्ताराने बोलतो.

चाळीच्या मागच्या या मोकळ्या जागेत पूर्वी काय होते, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. गिरणीच्या बॉयलरची राख, जळक्या कोळशाचे खडे, फुटकी कौले. तेथे गवतसुद्धा उगवत नव्हते. कौसल्याबाईंचे यजमान कैलासवासी झाले, त्या वर्षी या बाईंनी भिंतीलगत चार विटा मांडल्या आणि त्यांच्या आत भाजीची देठे टाकण्यास आरंभ केला. आम्हाला वाटले, दुःखाने बाईंचे चित्त ठिकाणावर नाही. पुढे भायखळ्याच्या भाजीबाजारातून कोबीचा पाला येऊ लागला, तबेल्यातले शेण आले, पिंपळाची वाळली पाने आली. वर्षे गेली आणि त्या राखेवर माती झाली. मंडळी, मी "माती आणली" असे म्हणत नाही. माती झाली.

किती झाली? वीतभर. आपण म्हणाल, वीतभर मातीचे कौतुक ते किती? मीही एकदा असेच विचारले होते. त्यावर बाई म्हणाल्या, "भावोजी, खालची जमीन म्हणजे नुसती चूल. शिजतं ते वरच्या वीतभरात." मातीची परीक्षाही त्यांनीच मला शिकवली. ओलसर माती मुठीत दाबावी. तिचा लाडू वळला पाहिजे, आणि त्याच लाडवाला अंगठा लावला की तो भुगा झाला पाहिजे. वळलाच नाही तर ती वाळू, आणि फुटलाच नाही तर तो चिखल. शिवाय माती कधी उघडी ठेवू नये, असा त्यांचा दंडक. वाळका पाला तिच्या अंगावर सदैव हवा. आमच्या घरच्या मंडळींनी, म्हणजे कमलाबाईंनी, एकदा चाळ स्वच्छ करण्याच्या भरात तो पाला झाडून काढला होता. त्यानंतर दोघींचे बोलणे बंद होते. ते पुन्हा कसे सुरू झाले, हा स्वतंत्र विषय आहे.

याच वाफ्यातला लाल माठ आपण सर्वांनी खाल्ला आहे. चळवळीच्या दिवसांत या चाळीतून मोर्चा निघे तेव्हा पुढच्या फलकाला जो झेंडू बांधला जाई, तो याच वाफ्यातला. आणि हुतात्म्यांच्या स्मरणार्थ आपण जी सभा घेतली, तिच्यातली फुलेही येथलीच.

आता मी यंदाच्या एक मेकडे वळतो. त्या दिवसाचे वर्णन मी काय करावे? आपले राज्य झाले! ज्यासाठी आपण लाठ्या खाल्ल्या, ज्यासाठी गिरण्या बंद ठेवल्या, ते झाले! त्या आनंदात आपले सातारकर राजाराम जगदाळे यांना एक कल्पना सुचली. प्रत्येक बिऱ्हाडाने आपापल्या गावची माती मागवावी, ती सर्व एकत्र करावी, आणि तिच्यात झेंड्याची काठी रोवावी. कल्पना थोर होती. आजही मी तिला थोर म्हणेन. एसटीच्या टपावरून गोणी आल्या, बोटीने डबे आले. आमच्या मालवणची तांबडी आली, साताऱ्याची काळीभोर आली, मराठवाड्यातून कोणाच्या मेव्हण्याने उशीच्या अभ्र्यात भरून आणली.

एवढी माती घालायची कोठे, असा प्रश्न पडला. तेव्हा पुढे कोण आले? स्वतः कौसल्याबाई! "माझ्या वाफ्यात घाला रे! याहून चांगली जागा कुठली?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होते.

एकेकाने पुढे येऊन माती ओतली. रामदास कांबळे यांची पाळी आली. रामदास गोदीत कामाला आहेत, आणि नागपूरला दीक्षा घेऊन आल्यापासून त्यांची मान आणखी ताठ झाली आहे, हे मी कौतुकाने सांगतो. त्यांच्या हातात डबा नव्हता. राजाराम म्हणाले, "रामदास, तुझी गावची माती कुठंय?" रामदास म्हणाले, "गावात आमच्या नावाची माती नाही, राजारामभाऊ. होती ती दुसऱ्याच्या शेतातली. माझी माती हीच." असे म्हणून ते वाकले, वाफ्यातलीच मूठभर माती उचलली, कपाळाला लावली आणि परत तेथेच ठेवली.  तेवढ्यात ताशा वाजू लागला.

नंतर लेझीमवाल्यांना सपाट जागा हवी होती. काठीही डुगडुगत होती. म्हणून धुम्मस आणले आणि ती सगळी माती ठोकून ठोकून फरशीसारखी केली. बाई स्वतः सांगत होत्या, "नीट ठोका रे, महाराष्ट्र हलता कामा नये!" आणि त्यावर लेझीम झाले. आपल्या मंडळाचे लेझीम कसे असते, हे मी सांगायला नको.

मंडळी, जी बाई त्या मातीवर कोणाला पाऊल ठेवू देत नसे, तिने हे सारे होऊ दिले. का दिले? तिला माती कळत नव्हती म्हणून? नाही. त्या दिवशी तुम्हाआम्हांपैकी कोणालाही पायाखाली पाहण्याची शुद्ध नव्हती.

पुढे काय झाले? माठ पेरला, तो उगवून पिवळा पडला. झेंडूची रोपे मान टाकून बसली. पावसाळ्यात वाफ्यावर पाणी साचले ते साचलेच, डबक्यासारखे. एरवी याच वाफ्यात कितीही पाणी पडो, ते घटकाभरात पोटात जात असे.

आणि नेमक्या याच वेळी शिवा आईला न्यायला आला. अंबरनाथला कारखान्यात त्याला क्वार्टर मिळाली होती, दारापुढे अंगण होते, आणि घरात नात जन्माला आली होती. कौसल्याबाईंनी कोठीतला बाळंतविडा काढला, दुपटी बांधली, बोचके तयार केले. निघताना म्हणाल्या, "थांब, एक तांब्या पाणी आण." तांब्या वाफ्यावर ओतला. आम्ही गॅलरीतून पाहत होतो. पाणी हलले नाही. बाई बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या. मग त्यांनी बोचके सोडले. शिवाला म्हणाल्या, "मेलेली माती मागे टाकून मी येणार नाही. मी मारलीय ती."

शिवा चिडला. मी त्याला दोष देत नाही. तो म्हणाला, "आई, तुला माती हवी की नात?" हा प्रश्न सर्व चाळीने ऐकला.  त्या रात्री बाई जेवल्या नाहीत, हे शेजारच्या बिऱ्हाडाला ठाऊक आहे.

तेव्हापासून दर रविवारी शिवा येई, तांब्या ओतला जाई, पाणी उभे राही, आणि शिवा एकटा परत जाई. तिकडे नात पालथी पडू लागली. नात बसू लागली. आजीला ते दर रविवारी ऐकायला मिळे.

शेवटी बाईंनी वाफ्याची एक कड फावड्याने सरळ उभी कापली आणि सगळ्यांना बोलावले. "या, बघा." आम्ही पाहिले. वर काळा थर, त्याखाली तांबडा, मध्ये कसली कसली भेसळ, आणि सगळे लादीसारखे घट्ट. त्याच्या खाली बाईंची स्वतःची माती. ती निळसर पडली होती आणि तिला शिळ्या भिजवलेल्या डाळीसारखा आंबूस वास येत होता. एकही गांडूळ दिसले नाही. बाई म्हणाल्या, "हिला श्वास घेता येत नाही. पाणी आत जात नाही, वारा आत जात नाही."

आता उपाय काय? राजाराम म्हणाले, वरची माती काढून टाकू. सगळे "हो" म्हणाले. मग प्रश्न निघाला, कोणाची आधी काढायची? मंडळी, येथे मला थोडे थांबावे लागेल, कारण संबंधित व्यक्ती समोर बसल्या आहेत.

आमच्या कमलाबाई म्हणाल्या, "सगळ्यात वरती काळी आसा. ती चिकट. ती आधी काढा."

राजाराम म्हणाले, "आमची काळी का म्हनून? अवं, ती माझ्या आज्याच्या मळ्यातली हाय! तुमची तांबडी काढा, तिचीच लादी झालीया!"

"आमची तांबडी कित्याक काढूची? ती काय तुमच्या बापाशीची?"

"वैनी, बापाचं नाव काढायचं न्हाई!"

"काढलंय! काय करतलास?"

राज्य स्थापन होऊन चार महिनेही झाले नव्हते! मी मंडळाचा अध्यक्ष या नात्याने शांततेचे आवाहन केले. ते कोणी ऐकले नाही. ज्यांची माती अभ्र्यात आली होती तेसुद्धा आपला अभ्रा परत मागू लागले.

तेव्हा रामदास पुढे आले. ते ओरडले नाहीत. त्या कापलेल्या कडेशी उकिडवे बसले आणि खालच्या निळसर थरावर बोट ठेवून म्हणाले, "तुमचं चालू द्या. पण खाली दबलीय ती माझी आहे. एक तारखेला ठेवलेली."

मंडळी, मी साचाखात्यात जन्म काढला. तेथे शेकडो माग एकदम चालतात आणि एकदम बंद होतात. ते बंद झाल्यावर जशी शांतता पसरते, तशी त्या वेळी पसरली. राजारामांनी डोक्यावरची टोपी काढली. आमच्या कमलाबाईंनी पदर सावरला. आणि कौसल्याबाई म्हणाल्या, "कोणाचीच काढायची नाही. पण बसवलीय तशी ठेवायचीही नाही."

आणि मग, मंडळी, काम सुरू झाले! उलथापालथ करायची नाही, असे बाईंचे सांगणे होते. माती पालथी घातली की खालचे वर येते, वरचे खाली जाते आणि उरलासुरला जीवही जातो. म्हणून वाफ्यात पहार खुपसायची, किंचित हलवायची, आणि काढून घ्यायची. त्या भोकात कुजलेला पाला आणि शेणखत भरायचे. पुन्हा पुढे सरकून तसेच. पहिली पहार राजारामांनी मारली, दुसरी रामदासांनी. त्यावर पाल्याची आणि उसाच्या चिपाडांची जाड गोधडी पसरली. आणि भोवती सुतळी बांधली. जो कोणी सुतळीच्या आत पाय ठेवील त्याने दुसऱ्या दिवशी सर्व चाळीचे पाणी भरावे, असा ठराव सर्वानुमते संमत झाला. तो ठराव प्रथम मलाच लागू झाला, हे मी लपवीत नाही. चष्मा घरी राहिला होता.

मग जाईबाई आल्या. डोक्यावरची पाटी उतरवून म्हणाल्या, "म्हावऱ्याची डोकी आनली, पुरा आतमंदी." राजाराम माळकरी. ते दोन पावले मागे सरले. "जाईबाई, ही घाण इथं नको!"

"घाण?" जाईबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "भाऊ, तुज्या मातीची ही मिठाय हाय! तू नको खाऊ. तुला कोन वाढतंय?"

काय म्हणता, जाईबाई? बरोबर, आपण याहून जास्त बोललात. परंतु व्यासपीठावरून मला एवढेच सांगता येईल.

मासळी पुरली गेली. मग मांजरे आली. आणि त्या मांजरांना हाकलण्यासाठी पहाटेपासून काठी घेऊन कोण बसत असे? गळ्यात तुळशीची माळ घातलेले आमचे राजाराम जगदाळे! मासळीची इतकी निष्ठेने राखण कोणा माळकऱ्याने पूर्वी केली असेल, असे मला वाटत नाही. टाळ्या वाजवा, ते लाजत आहेत.

नवरात्रातल्या रविवारी शिवा आला. आता तो रागावत नसे. स्वतःच नळावरून तांब्या भरून आणी. गॅलऱ्या भरल्या होत्या. बाईंनी गोधडी बाजूला सारली आणि पाणी ओतले. पाणी क्षणभर उभे राहिले. चमकले. आणि मग, मंडळी, कोणी आतून ओढून घ्यावे तसे ते गेले! बुडबुडे आले आणि गेले! "मुरलं! पाणी मुरलं!" असे प्रथम कोण ओरडले ते मला सांगता येणार नाही, कारण मीही ओरडत होतो. एक मे रोजी झाला नव्हता एवढा कल्लोळ झाला. आमच्या कमलाबाईंनी राजारामांच्या हातावर साखर ठेवली.

आम्ही लगेच निरोप समारंभ ठरवला. त्याचे काय झाले ते मी आरंभी सांगितले. बाईंचे म्हणणे असे की पाणी मुरले ही गोष्ट चांगली, परंतु लाडू अजून अंगठ्याने फुटत नाही. "पाणी पितंय, पण अजून आजारीच आहे ते. आजाऱ्याला सोडून कशी जाऊ?" शिवाने कपाळावर हात मारून घेतला. तिकडे नात रांगू लागली होती.

दिवाळी झाली. गांडुळे परतली; सकाळी पाला उचलला की त्यांनी टाकलेल्या मातीच्या बारीक बारीक गोळ्या दिसू लागल्या. काळी कोठली आणि तांबडी कोठली, हे आता गांडुळांनाच विचारावे. माठ उगवला, तो लालबुंद. लाडूही फुटू लागला. तरी बाई म्हणत, "बघू, पुढल्या रविवारी." मला वाटू लागले की आता माती राहिली बाजूला, बाईंनाच निघवत नाही. इतक्या वर्षांत त्यांनी त्या भिंतीलगत यजमानांचे दुःखही घातले होते, आणि तेही त्यात मुरले होते. ते सोडून कसे निघावे, हे मला तरी सांगता आले नसते. म्हणून आजही मंडप बांधताना कंत्राटदाराला मी सांगून ठेवले होते की, खुर्च्या थोड्याच मांडा, काय होईल सांगता येत नाही.

आणि आता जे सांगतो ते आज दुपारचे आहे. आपल्यापैकी बरेच जण कामावर होते, म्हणून सांगतो.

शिवा या वेळी सूनबाईंना आणि नातीला घेऊन आला. आजीने नातीला प्रथमच पाहिले. घेतले, मुके घेतले, ते सर्व झाले. मग सूनबाई नळावर हातपाय धुवायला गेल्या आणि त्यांनी मुलीला वाफ्याच्या कडेला सतरंजीवर बसवले. मुलगी सतरंजीवर राहते थोडीच! ती सुतळीखालून आत गेली. हे आमच्या ठरावाच्या विरुद्ध होते, परंतु ठरावात वयाचा उल्लेख नाही. तिने पाला बाजूला केला, माठाच्या मुळाशी हात घातला, मूठ भरली, आणि ती सबंध मूठ तोंडात घातली.

सूनबाई किंचाळल्या, "अगं बाई! आई, बघा ना, माती खाल्ली हिनं!" शिवा धावला. मी काठी टेकत धावलो. आमच्या आधी कौसल्याबाई पोचल्या. त्यांनी नातीला उचलून कडेवर घेतले, पदराने तिचे तोंड पुसले, बोटाने जिभेवरची माती काढली. मुलगी रडली नाही. ती आजीकडे पाहून ओठ चाटत होती.

बाईंनी ते बोट आपल्या नाकाशी नेले. हुंगले. आणि हसल्या. मी सांगतो, मेपासून मी त्यांना असे हसताना पाहिले नव्हते. शिवाला म्हणाल्या, "उभा काय राहिलास? बोचकं बांध माझं. हिनं चाखली, हिला आवडली. आता माझं इथं काय काम?"

मंडळी, बोचके त्या खुर्चीशी ठेवलेले आहे. आपण पाहू शकता.

वाफ्याची जबाबदारी आजपासून राजाराम जगदाळे आणि रामदास कांबळे यांच्याकडे राहील, आणि आमच्या कमलाबाई दोघांवर देखरेख ठेवतील, असे मंडळाने ठरवले आहे. त्या देखरेखीची कल्पना दोघांनाही आहे.

कौसल्याबाई, आपल्या अंगणात, अंबरनाथला, मुरूम आहे असे शिवा सांगतो. मला त्या मुरमाची काळजी वाटत नाही. मला काळजी वाटते ती शिवाच्या शेजाऱ्यांची, कारण आता त्यांच्या घरची देठेसुद्धा सुरक्षित नाहीत.

काय? हो, हो. आटोपतो. मंडळी, उत्सवमूर्ती मला खुणावत आहेत की गाडीची वेळ होत आली. अध्यक्ष महाराजांनी मला बोलू दिले, जाईबाई एवढ्या लांबून आल्या, मंडपवाल्याने शेवटी पुऱ्या खुर्च्या मांडल्या, आणि आपण सर्वांनी एका वृद्धाची ही लांबण शांतपणे ऐकली, याबद्दल मी आपणा सर्वांचा अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कोणाचा उल्लेख राहिला असल्यास, किंवा ज्यांचा व्हायला नको होता त्यांचा झाला असल्यास, वडीलधाऱ्यांनी मोठ्या मनाने आणि लहानांनी माझ्या वयाकडे पाहून क्षमा करावी. कौसल्याबाईंना आता कोणी थांबवू नये, आणि ही नवी विनंती मी विशेषतः स्वतःस करतो. शिवा, बोचके उचल. मुलीला आजीकडेच राहू दे.

जय हिंद! जय महाराष्ट्र!